नवाबाचं चित्र आणि त्याखालची ओळ

चित्रांविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. चित्र तुम्हाला दिसत नाही, माझ्या सांगण्यावर भागवावं लागतं. आजच्या विषयाच्या मात्र ही अडचण पथ्यावर पडणारी आहे, कारण चित्राखालचे शब्द चित्राचा अर्थ कसा ठरवतात, हाच तो विषय.

कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळीच्या काठी गार्डन रीच आहे. आज तिथे जहाजबांधणीचा सरकारी कारखाना आहे, दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे आणि मटियाबुर्जच्या गल्ल्यांतून शिलाई मशिनं चालतात. 1856 साली कंपनी सरकारने अवध खालसा केलं तेव्हा तिथला नवाब वाजिद अली शाह गादी गमावून इथे आला. वर्षाला 12 लाखांच्या तनख्यावर त्याने नदीकाठी छोटं लखनौ उभं केलं, प्राणिसंग्रहालयासकट. 1887 मध्ये तो इथेच वारला. त्याचे बहुतेक वाडे पुढे जमीनदोस्त झाले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्याची कबर तेवढी आहे.

वाडे गेले, पण नवाबाचा चेहरा फोनवर हवा तेव्हा मिळतो. दरबारी चित्रात अंगरखा असा बेतलेला, की छातीची डावी बाजू उघडी राहावी. खांद्यावर रुळणारे केस, गळ्यात मोत्यांच्या माळा. त्याच्याच शेजारी नवाबाच्या भूमिकेतला अमजद खान! सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ 1977 चा, म्हणजे ‘शोले’नंतर दोनच वर्षांनी आलेला. आपल्याकडच्या कित्येकांना खऱ्या नवाबापेक्षा हाच नवाब ओळखीचा. आणखी थोडं खाली सरकलं की बटाटा घातलेली कोलकाता बिर्याणी. तिचं श्रेयही नवाबालाच देतात. खरं-खोटं यावर अजून वाद आहेत, पण ताटाचा फोटो नवाबाच्या नावाने फिरतोच.

नवाबाने राज्यावर असतानाच स्वतःच्या प्रेमप्रकरणांचं एक सचित्र पुस्तक करवून घेतलं होतं, ‘इश्क़नामा’. त्यात 103 चित्रं आहेत. ती पाहणारे महालातले मोजके लोक. लखनौ इंग्रजांनी लुटलं आणि पुस्तक विलायतेला गेलं; आज ते विंडसरच्या राजसंग्रहात आहे. आता त्याची पानं इंटरनेटवर दिसतात. जे बघायला राजाची मर्जी लागायची, ते मटियाबुर्जचा शिंपी चहा पिता पिता बघू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. लघुचित्रातलं सोनं कागद कलता केला की झळकतं, पडद्यावर ते नुसतं पिवळं दिसतं, हे खरं. पण सोन्यासाठी विंडसर गाठणार कोण?

नकलांनी कला स्वस्त झाली, ही ओरड तर जुनीच. गार्डन रीचपासून जवळच असलेल्या कालीघाटचे पटुए, म्हणजे पट रंगवणारे चित्रकार, यात्रेकरूंसाठी भराभर चित्रं रंगवायचे. छापील चित्रांनी त्यांचा धंदा बसवला. आपल्याकडे राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने 1894 पासून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या. पण ती छापील लक्ष्मी देवघरात टांगली की देव व्हायची आणि किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर आली की जाहिरात. कोणत्या भिंतीवर आहे, त्यावरून तिचा अर्थ ठरायचा.

फोनवरच्या चित्राला भिंतच नाही. तिथे चित्राखालची ओळ भिंतीचं काम करते. नवाबाचं तेच उघड्या छातीचं चित्र एक जण टाकतो आणि लिहितो, ‘विलासी राजा, म्हणून राज्य बुडालं.’ राज्य गिळताना कंपनीने सांगितलेलं कारण साधारण हेच होतं, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं. दुसऱ्याला त्याच अंगरख्यात स्त्री-पुरुष वेशाची चौकट मोडणारा धीट माणूस दिसतो. तिसरा खानावळवाला, त्याला गिऱ्हाईक हवंय. चित्रातली रेघही हललेली नाही. पुढे ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, कडा कापल्या जातात, कोणी कधी काढलं ही माहिती गळून पडते आणि कोणीतरी चिकटवलेली ओळ तेवढी सोबत राहते.

गेल्या काही वर्षांत तर ही ओळ चित्राच्या आतच शिरली आहे. शब्दांवरून चित्र काढून देणारी यंत्रं शिकतात ती चित्रं आणि त्यांच्या ओळी यांच्या जोड्यांवरून. लाखो चित्रांखाली ‘नवाब’ या शब्दाशेजारी लोड, हुक्का आणि नाचगाणं असेल, तर ‘नवाब’ म्हणताच यंत्र तेच रंगवणार. ठुमऱ्या रचणारा, कथकला आश्रय देणारा, राज्य परत मिळावं म्हणून आईला थेट लंडनला पाठवणारा वाजिद अली त्यात येणार नाही, कारण चित्रांखाली ते कोणी फारसं लिहिलेलंच नाही. उलट असं यंत्राने रंगवलेलं चित्र पुन्हा इंटरनेटवर चढतं, त्याखाली ‘वाजिद अली शाह’ असं नाव लागतं, आणि पुढच्या यंत्राच्या शिकवणीत तेही खरं म्हणून जमा होतं.