शुगर, नाडी आणि लकवा

घरात कुणाला शुगर असली तर आपण गोळी बघतो, पथ्य बघतो. नाडी मात्र बघत नाही. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण १ मिनिट मोजा. ठोके मधेच थांबत, मधेच पळत असतील तर डॉक्टरांना सांगा, ईसीजी काढून घ्या.

हृदयाचा वरचा कप्पा नीट न दाबता नुसता थरथरला, की रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूच्या नसेत अडकली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण ५ पट होतो. शुगर, बीपी असेल तर आणखी वाढतो. म्हणून डॉक्टर रक्त पातळ ठेवायची गोळी देतात. बरं वाटतंय म्हणून ती मनानं बंद करू नका.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मालिश, झाडपाला करत बसू नका. वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन बघून. लोणार-मेहकरकडच्या खेड्यातून निघालं तर रस्त्यातच वेळ जातो. तेव्हा स्कॅन कुठे होतो, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे गटाच्या येत्या बैठकीतच ठरवून ठेवा.