ऐकलेले आणि वाचलेले

आई मुलाला वाण्याकडे धाडताना तोंडी यादी सांगते: मीठ, गूळ, जिरे, हळद, मोहरी, खोबरे, चहा. उंबरठ्यावरच "म्हणून दाखव पाहू" म्हटले, तर पहिले मीठ आणि शेवटचा चहा बिनचूक येतो. मधली मंडळी गळतात. तीच यादी त्याने कागदावर एकदा वाचली असती, तर चहा इतका पक्का राहिला नसता. ऐकलेल्या शब्दाचा नाद क्षणभर कानात घुमतो, असे याचे कारण सांगतात. पण आईने यादीमागोमाग "लौकर ये रे" म्हटले, की चहाही धोक्यात! क्राउडर आणि मॉर्टन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली हे दाखवून दिले. मागून उच्चारलेला एखादा अनावश्यक शब्दही ही सवलत हिरावून घेतो.

म्हणजे कानाची ही मिजास घटकाभराचीच. आणि डोळाही काही स्वतंत्र कारभारी नव्हे. १९६४ साली कॉनराड यांनी लोकांना इंग्रजी अक्षरे नुसती दाखवली. चुका झाल्या त्या मात्र दिसण्यातल्या नव्हे, ऐकण्यातल्या वाटाव्या अशा. 'बी'च्या जागी 'व्ही'! पाहिलेले अक्षरही आपण मनात उच्चारूनच जपतो.

आता वेदपाठाचा दाखला कुणी देईलच. पूर्वी सारे ऐकून पाठ होई, छापील पुस्तकाने स्मरण बुडवले, असे आम्हीही पुष्कळदा ऐकले आहे. पण घनपाठी नुसते ऐकत बसत नाही. पहिले पद, दुसरे, दुसरे, पहिले, मग पहिले, दुसरे, तिसरे, मग उलटे, पुन्हा सुलटे. एवढे झाल्यावर एक पाऊल पुढे. येथे राबते ती जीभ, आणि चुकले की गुरुजी तिथेच थांबवतात.

रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले. काहींनी मिटून ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले, तर आठवून लिहिणारे पुढे!

परीक्षा आली की आम्ही पालक काय करतो? "वाच, आणखी एकदा वाच" म्हणून मुलाच्या पाठीस लागतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. आमचे वडील मात्र दिवेलागणीला पुस्तक आपल्या हाती घेत आणि म्हणत, "आता सांग."