पाठ कुठून सुरू करायचा, हे गुरुजींना ठरवू द्या

चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

आपल्यातले कित्येकजण दूरवरच्या जंगलपट्ट्यातून आले आहेत. तिथल्याच वर्गांचा प्रश्न आज आपल्यापुढे आहे : वर्गात शिक्षकाला मोकळीक किती असावी?

भामरागडचे मूल घरी माडिया बोलते, धानोऱ्याचे गोंडी, सिरोंच्याचे तेलुगू. हातात पुस्तक मात्र मराठी. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. मूल ‘येर’ म्हणाले, तर त्यावर फुली मारायची की तिथूनच त्याला ‘पाण्या’पर्यंत न्यायचे, हे त्या क्षणी फळ्याजवळ उभा असलेला शिक्षकच जाणतो. मार्च-एप्रिलमध्ये मुले पहाटे मोहफुले वेचायला जातात. त्याच मोहफुलांवर बेरीज-वजाबाकी शिकवण्याची मुभा गुरुजींना हवी.

कायदा आपल्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २९वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा, असे सांगते. २७वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नका, असे बजावते. तरीही माहितीचे तक्ते भरण्यात आपले तास जातात.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. ग्रामसभा न्यायालयात गेली. मान्यतेबद्दल मते वेगळी असू शकतील. पण आपल्या वर्गांत मुलांची भाषा ऐकली गेली असती, तर गावाला वेगळी शाळा काढावी लागली असती का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

माझे मत स्पष्ट आहे. मुलाला काय यावे, हे अभ्यासक्रमाने ठरवावे. ते कसे शिकवावे, हे शिक्षकाने ठरवावे. आणि मूल शिकले का, हे विचारण्याचा हक्क पालकांना व ग्रामसभेला असावा. जो हिशेब द्यायला तयार आहे, त्यानेच मोकळीक मागावी.

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तेव्हा प्राणहिता होते. घरची आणि शाळेची भाषा वर्गात अशाच भेटाव्यात.

एकच विनंती करतो : गावी परतल्यावर आपल्या वर्गातल्या मुलांकडून त्यांच्या भाषेतले दहा शब्द शिका आणि उद्याचा पाठ तिथून सुरू करा.

जय सेवा!