तुटता तारा आणि दोन वासरं



तारा तुटला की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, कुणीतरी गेलं. इस्लामपूर्व अरबांचाही असाच समज होता. सहीह मुस्लिममधल्या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) तो खोडला: कुणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे तारा तुटत नाही. तरी आपण वाशिमच्या गच्चीवर अजून दचकतो.

मुळात तुटतो तो ताराच नसतो. टटल नावाचा धूमकेतू साधारण साडेतेरा वर्षांनी सूर्याजवळ येतो. २०२१मध्ये येऊन गेला. वाटेत तो धूळ सांडतो. दर २२ डिसेंबरच्या सुमारास पृथ्वी त्या धुळीतून जाते आणि वाळूएवढे कण सेकंदाला ३३ किलोमीटर वेगाने हवेत शिरून जळतात. हाच उर्सिड्स उल्कावर्षाव. मोठा तमाशा नाही. तासाला चार-पाच दिसल्या तरी खूप.

त्या उत्तरेकडून, ध्रुवमत्स्यातल्या दोन ठळक ताऱ्यांच्या बाजूने येताना दिसतात. अरबांनी त्या जोडीला फरकदान म्हटलं, म्हणजे दोन वासरं. घरी गोठा असणाऱ्यांना हे नाव लगेच आवडेल! संध्याकाळी ही वासरं आपल्याकडे क्षितिजाला टेकलेली असतात. फजरच्या आधी दोन तास चांगली वर येतात.

चांदची तारीख बघून ठेवा. पहिल्या दहांत असेल तर तोवर चांद मावळलेला असतो. गावाच्या दिव्यांपासून दूर शेतात किंवा अंधाऱ्या गच्चीवर बसा. बहिणींनाही उठवा, आणि मोजणी ज्याची त्याने वेगळी लिहा.