दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज बचतीचा विषय नाही, दाढेचा आहे. पण बोलता बोलता आपण गटाच्या पेटीपर्यंत येणार आहोत, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

दाढ कधीच दुखली नाही अशी बाई आपल्यात विरळाच. आणि आपले उपायही ठरलेले. पहिल्या दिवशी लवंग, दुसऱ्या दिवशी जरा जास्त मशेरी, तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी. चार-आठ दिवसांनी ठणका थांबतो आणि आपण म्हणतो, "चला, सुटले एकदाची!" मला आज मुख्य सांगायचं आहे ते हेच, की ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. कधी कधी ती आतून मेलेली असते.

असं का होतं? दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आतून पोकळ असतो. वर कडक कवच, त्याखाली जरा मऊ थर आणि मधल्या पोकळीत नस व बारीक रक्तवाहिन्या. ही नस मुळांतल्या बारीक नळ्यांमधून खाली हाडाकडे जाते. कीड म्हणजे काही अळी नव्हे. तोंडातले जंतू गोडधोडापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. कीड वरच्या कवचात असते तेव्हा दुखत नाही. खालच्या थरात गेली, की थंड किंवा गोड खाल्लं की कळ येते. इथवर असेल तर कीड काढून दात भरला की भागतं. एका खेपेचं काम.

आपण थांबलो, तर कीड नसेपर्यंत पोचते. नस सुजते. पायाला सूज आली तर कातडी ताणते, पण दाताच्या आत फुगायला जागाच नाही, म्हणून असा जीवघेणा ठणका लागतो. आडवं पडलं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त त्रास. पुढे ती नस मरते. मेलेली नस दुखत नाही. आपण म्हणतो सुटले, ते इथे. पण जंतू आतच असतात. ते मुळाच्या टोकाशी जातात आणि हाडात पू धरतो.

आता खुणा सांगते. बोटांवर मोजा.

पहिली खूण: थंड पाण्याचा घोट घेतल्यावर कळ आली आणि पाणी गिळल्यावर लगेच गेली, तर नस बहुधा शाबूत आहे. पण तीस आकडे मोजून झाले तरी कळ जात नसेल, तर नस सुजलेली असू शकते.

दुसरी: गरम चहा लागला की ठणका उठतो आणि गार पाण्याने बरं वाटतं.

तिसरी: काही न खाता-पिता आपोआप दुखतं, रात्री झोपेतून उठवतं. कान, कानशील, जबडा सगळंच दुखतं आणि नेमकी कोणती दाढ ते बोट ठेवून सांगता येत नाही.

चौथी: घास चावताना त्याच दाढेवर दुखतं, दाढ उंच झाल्यासारखी वाटते.

पाचवी: दात काळपट पडलाय, हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते, तोंडात घाण चव येते. ही पुटकुळी म्हणजे आतल्या पुवाने काढलेली वाट. ती दुखत नाही, म्हणून आपण बघतच नाही.

यातली एकही खूण असेल तर रूट कॅनल लागण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणते, कारण हिरडीच्या आजाराने, अक्कलदाढेने, कधी सर्दी साचल्यानेही वरच्या दाढा दुखतात. नक्की काय ते दाताचे डॉक्टर तपासून आणि एक्स-रे काढूनच सांगतात.

रूट कॅनल म्हटलं की पोटात गोळा येतो. पण त्यात करतात काय? इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. दाढेला वरून वाट करून आतली खराब नस काढतात, मुळातल्या नळ्या धुऊन साफ करतात आणि बंद करतात. नंतर दाढेवर बहुतेक वेळा टोपी, म्हणजे कॅप बसवतात. दोन-तीन खेपा लागू शकतात. ठणका थांबला म्हणून मधेच सोडायचं नाही आणि कॅपही टाळायची नाही, कारण अशी दाढ भाकरी-हरभरा चावताना फुटू शकते. दाढ फारच पोखरलेली असेल तर काढावी लागते. वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात, ते खरं नाही.

मशेरीने घटकाभर बधिर वाटतं, पण ती तंबाखू आहे. कीड तशीच राहते आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वाढते. डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून धरू नका, हिरडी भाजते. अँटिबायोटिक गोळ्यांनी सूज उतरते, पण मेलेल्या नसेपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून दुखणं परत येतं. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे तर जाऊच नका. न उकळलेल्या हत्यारांतून कावीळ लागू शकते.

गालावर किंवा गळ्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. तसंच दवाखान्यात जा. यात जीवही जाऊ शकतो.

गरोदर बाईने दुखणं अंगावर काढू नये. दिवस गेल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं, ते त्याप्रमाणे उपचार करतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. साखर, बीपी किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगावं.

आता पैशाचं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाताचे डॉक्टर आहेत का, कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात काम होतं. खाजगीत गेलात तर आधीच विचारा: नळ्यांचे किती, कॅपचे किती, खेपा किती. विचारण्यात लाज कसली?

आणि शेवटी आपली पेटी. गटातून कर्ज निघतं ते बियाण्याला, शेळीला, पोरांच्या फीला, सासऱ्यांच्या ऑपरेशनला. स्वतःच्या दाढेसाठी अर्ज करणारी बाई क्वचितच दिसते. "माझं काय, चालतंय" म्हणून ती रात्रभर गाल धरून बसते आणि सकाळी तशीच खुरपायला जाते. वर्षभराने तीच दाढ भरण्याऐवजी रूट कॅनलवर जाते, त्याचा खर्च कितीतरी जास्त. गटाने व्याज वाचवायला शिकवलं, तसं हेही व्याजच समजा.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक करा. एकमेकींना विचारा, कोणाची दाढ दुखून थांबली आहे? जी हात वर करेल, तिला आधी पाठवा. दोघी-तिघी मिळून एकाच दिवशी गेलात तर गाडीभाडंही वाचेल.