पाण्यावरचा वानप्रस्थाश्रम

नोकरी संपली, मुलांचे संसार आपापल्या ठिकाणीं मार्गी लागले, म्हणजे उरलेल्या आयुष्याचें काय करावयाचें, हा प्रश्न सर्व देशांतल्या माणसांपुढें उभा राहतो. महाराष्ट्रांतला गृहस्थ पेन्शन घेतल्यावर कोंकणांतल्या घराचीं कौलें चाळावयास जातो, पुण्यास एखादी लहानशी जागा पाहतो, नाहींतर मुलाकडे राहून नातवंडांचे अभ्यास घेतो. शास्त्रकारांनीं तर याच वयासाठीं तिसरा आश्रम सांगून ठेवला, आणि वनांत जातांना पत्नीला बरोबर नेण्याची मुभाहि दिली. पण वनाऐवजीं पाण्यावर जाऊन राहावें, असें कोणा स्मृतिकारानें सुचविल्याचें ऐकिवांत नाहीं. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पूर्व भागांतलीं कांहीं वृद्ध दांपत्यें नेमकें तेंच करतात. थंडीची चाहूल लागली कीं घराला कुलूप लावून तीं आपल्या शिडाच्या नौकेंत बसतात, दक्षिणेची वाट धरतात, आणि हिवाळ्याचे चार-पांच महिने फ्लॉरिडाच्या किंवा बहामा बेटांच्या उबदार पाण्यांत नांगर टाकून राहतात. थंडीबरोबर दक्षिणेकडे उतरणाऱ्या पांखरांवरून लोकांनीं त्यांना हिमपक्षी असें नांव दिलें आहे.

हें ऐकतांच डोळ्यांपुढें एक चित्र उभें राहतें: निळेंशार पाणी, पांढरें शीड, हातांत पुस्तक आणि माथ्यावर ऊन. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें चित्र पाहिल्यावांचून या वानप्रस्थाचें मर्म कळावयाचें नाहीं.

प्रथम निघण्याची वेळच पाहा. अटलांटिक महासागरांत १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानतात. १ सप्टेंबर २०१९ रोजीं 'डोरियन' नांवाचें वादळ बहामांतील अ‍ॅबाको बेटांवर आदळलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं १८५ मैल होता. घरें जेथें टिकलीं नाहींत, तेथें नौकांची कथा काय? म्हणून फार लवकर दक्षिणेस जावें तर वादळाचें भय, आणि फार उशीर करावा तर उत्तरेकडच्या नद्यांवर हिंव पडूं लागतें. या दोहोंच्या चिमट्यांतून वाट काढावयाची असते. कोंकणांतले कोळी पावसाळ्यांत आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यांत लोटतात. तेथलें पंचांग निराळें. पण इथल्याप्रमाणें तिथेंहि तें लिहिणारा वाराच आहे.

मार्गहि मोठा मौजेचा आहे. व्हर्जिनियांतील नॉर्फोक बंदरापासून दक्षिणेकडे नद्या, खाड्या, दलदली आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडून किनाऱ्याच्या आंतून एक जलमार्ग केलेला आहे. नॉर्फोकपासून त्याचे मैल मोजावयास आरंभ होतो, आणि मायामी शहर सुमारें १०९० व्या मैलावर येतें. या वाटेवरील बहुतेक स्थिर पूल पाण्यापासून ६५ फूट उंच आहेत. मायामीजवळचा एक मात्र ५६ फुटांचाच आहे. त्यामुळें ज्याची डोलकाठी त्याहून उंच, त्याला तेवढ्यापुरतें बाहेर समुद्रांत उतरावें लागतें. शिडाच्या नौकेचा वेग तो केवढा! ताशीं पांच-सहा मैल, म्हणजे दिवसाकाठीं चाळीस-पन्नास मैल. मोटारीनें दोन दिवसांत होणारा प्रवास या लोकांना महिना, सवा महिना पुरतो.

आतां अशाच एका जोडप्याची कल्पना करावी. तो सदुसष्ट वर्षांचा, शाळेंतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक. ती त्याच्याहून दोन वर्षांनीं लहान, तीस वर्षें रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबलेली. नौका छत्तीस फूट लांबीची. एवढ्या जागेंत स्वयंपाकघर, शेजघर, बैठक आणि न्हाणीघर, सारें कांहीं आहे. नाहीं ती फक्त दुसरी खोली. घरीं भांडण झालें तर माडीवर जाऊन बसतां येतें. येथें रुसून बसावयाचें झाल्यास समोरासमोरच बसावें लागतें! विजेसाठीं छतावर सौरफलक आहेत, आणि समुद्राचें पाणी मोठ्या दाबानें सूक्ष्म पडद्यांतून ढकलून गोडें करणारें एक लहान यंत्र आहे. तरीहि आभाळ दोन दिवस भरून राहिलें कीं दिवा किती वेळ जळला, शीतपेटी किती वेळ चालली, अंगावर किती तांबे पाणी घेतलें, याचा हिशेब वाण्याच्या वहीप्रमाणें ठेवावा लागतो. शहरांत वीज आणि पाणी भिंतींतून येतात. तीं कोठून येतात हें पाण्यावर राहिलेल्या माणसासच ठाऊक असतें.

या दोघांनीं कामें वांटून घेतलीं होतीं. वाट आंखणें, हवामान पाहणें, यंत्र दुरुस्त करणें, नांगर टाकणें हीं कामें त्याचीं. स्वयंपाक, सामानाची बेगमी, औषधांची पेटी आणि नांगर टाकतांना सुकाणूं धरणें हीं तिचीं. बहुतेक नौकांवर अशीच वांटणी असते, आणि ती इतक्या सहजपणें होते कीं तिच्यांत कांहीं धोका आहे हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.

फ्लॉरिडापासून बहामांतील बिमिनी बेट जेमतेम पन्नास मैलांवर आहे. परंतु मध्यें गल्फ स्ट्रीम नांवाची समुद्रांतली नदी ताशीं तीन-चार मैलांच्या वेगानें उत्तरेकडे धांवत असते. बिमिनीला पोंचावयाचें तर नौकेची नाळ बिमिनीच्या बरीच दक्षिणेकडे रोखावी लागते, म्हणजे प्रवाह तिला ओढीत ओढीत ठिकाणावर नेतो. उत्तरेचा वारा सुटला तर मात्र वारा आणि प्रवाह यांची समोरासमोर गांठ पडते आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या होतात. म्हणून दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा वारा येईपर्यंत नौका आठ-आठ दिवस बंदरांत वाट पाहत राहतात. आयुष्यभर घड्याळाकडे पाहून शाळेंत गेलेल्या मास्तरला ही गोष्ट शिकावयास दोन हिवाळे लागले. येथें तारीख ठरवून निघणारा फसतो. वारा पाहून निघणारा पोंचतो.

तेथून बेटामागून बेट ओलांडीत तीं दोघें ग्रेट एक्झूमा बेटावरच्या जॉर्जटाउन गांवाशीं येऊन पोंचलीं. कर्कवृत्त याच भागांतून जातें. अक्षांश पाहिला तर तो उज्जैनीच्या जवळचा. गांवासमोर स्टॉकिंग नांवाचें लांबट बेट आडवें पडलें आहे, आणि दोहोंमधल्या प्रशस्त पाण्यांत हिवाळ्यांत शेंकडों नौका नांगरलेल्या असतात. सकाळीं ठराविक वेळीं नौकानौकांवरचीं बिनतारी यंत्रें उघडतात. कोणी हवामान सांगतो, कोणाला यंत्राचा एखादा भाग हवा असतो, तर कोणी फ्लॉरिडास परत निघाला असल्यानें पत्रें नेण्याची तयारी दाखवितो. ही वस्ती पाहुण्यांची, घर बहामावासीयांचें. त्यांच्या स्वतःच्या शिडाच्या नौकांच्या शर्यती १९५४ पासून येथें होत आल्या आहेत, आणि त्या पाहिल्या म्हणजे शीड कसें चालवावें हें पाहुण्यांस नव्यानें कळतें.

या बंदराला नौकावासी लोकांनीं थट्टेनें एक टोपणनांव दिलें आहे: 'भित्र्यांचें बंदर'. कॅरिबियन बेटांपर्यंत जाण्याच्या निश्चयानें निघालेले कितीतरी लोक येथें येऊन थबकतात आणि वसंत ऋतूंत माघारीं फिरतात, म्हणून हें नांव. आपल्या मास्तरला तें नांव मुळींच आवडत नसे. यंदा पुढें जावयाचेंच, असा त्याचा पण होता.

हिवाळ्यांत या बेटांवर दर आठ-दहा दिवसांनीं उत्तरेकडून थंड हवेची लाट येते. ती येण्यापूर्वीं वारा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरूं लागतो: आग्नेयेचा दक्षिणेचा होतो, मग पश्चिमेचा, वायव्येचा, आणि शेवटीं उत्तरेकडून जोरानें कोसळतो. जें ठिकाण सकाळीं आडोशाचें, तेंच रात्रीं उघडें पडतें. जानेवारींतल्या अशाच एका संध्याकाळीं या दोघांनीं जागा बदलली. पण काळोख पडत आला होता, आणि नांगर वाळूंत नीट रुतला आहे कीं नाहीं हें पाहण्यास उजेड उरला नव्हता. रात्रीं दोनच्या सुमारास नौका मागें सरकूं लागली. मागें दुसऱ्या नौकेचा दिवा हळूहळू मोठा होत होता.

तीं दोघें वर धांवलीं. तिनें यंत्र सुरू करून सुकाणूं धरलें. तो नाळेवर गेला. वाऱ्यांत एकाचा शब्द दुसऱ्यास ऐकूं जाणें शक्य नव्हतें, म्हणून विजेरीच्या खुणा ठरलेल्या होत्या: उजेड डावीकडे गेला तर डावीकडे, वर गेला तर पुढें. दोन खुणा आल्या. मग उजेड एका जागीं स्थिर झाला आणि हलेना.

तिनें हांक मारली. उत्तर आलें नाहीं. मग सुकाणूं बांधून, कठड्याच्या दोरीला धरून, ती जवळजवळ रांगत पुढें गेली. तो डोलकाठीला पाठ टेकून बसला होता. वांकल्याबरोबर डोळ्यांपुढें अंधारी आली, एवढेंच तो बोलूं शकला. नांगराची साखळी सोडण्याचा खटका कोठें आहे हें तिला ठाऊक होतें, पण आजवर तिनें तो कधीं दाबला नव्हता. तिनें तो दाबला. साखळी खडखडत सुटली, नौका आणखी मागें गेली, आणि एक हिसका देऊन थांबली. नांगर रुतला होता. मागची नौका तीस-चाळीस हातांवर होती. मग तिनें नवऱ्याची नाडी पाहिली. आधीं साखळी आणि मग नाडी, हा क्रम तिला पुढें कित्येक दिवस टोंचत राहिला. पण तोच क्रम बरोबर होता.

दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या डॉक्टरांनीं तपासलें. रक्तदाबाच्या औषधाचें प्रमाण बदलावें लागेल, एवढेंच निघालें. अशी भोंवळ यापूर्वीं दोनदां आली होती, हें मात्र त्यानें डॉक्टरांसमोर प्रथमच सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. नौकेवर परत आल्यावर मात्र ती म्हणाली, "वारा फिरला तर मला सांगतोस, टांकींतलें पाणी संपत आलें तर सांगतोस. मग हें कां नाहीं सांगितलेंस?"

त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "सांगितलें असतें, तर तूं परत फिरूं म्हणाली असतीस."

"म्हटलेंच असतें," ती म्हणाली. "आणि उद्यांपासून नाळेवर मी. सुकाणूं तूं धर."

या जीवनाचें सारें मर्म त्या रात्रींत आहे. शिडाच्या नौकेवर तिसरें माणूस नसतें. म्हणून ज्याचें काम त्यालाच येणें, ही घरीं सोयीची असलेली वांटणी पाण्यावर घातक ठरते. एक जण पाण्यांत पडला, तर दुसऱ्याला एकट्यानें शिडें उतरवून, नौका वळवून, भिजून जड झालेलें माणूस वर घ्यावें लागतें. साठी उलटलेल्या दोन हातांनीं तें होत नाहीं; डोलकाठीवरून सोडलेला दोर आणि तो गुंडाळण्याचें हातचाक लागतें, आणि त्याचा सराव शांत पाण्यांत, दिवसाउजेडीं करून ठेवावा लागतो. पतीला औषधांची पेटी कळली पाहिजे, पत्नीला यंत्र. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एकाच्या शरीरांतली उणीव दुसऱ्याला ठाऊक असली पाहिजे. कारण झांकलेली उणीव हीच त्या नौकेची खरी फट.

एरिक आणि सूझन हिस्कॉक या इंग्रज दांपत्यानें १९५२ ते १९५५ या काळांत 'वाँडरर थ्री' नांवाच्या तीस फुटी नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिकची दृष्टि फार अधू होती. पण तें दोघांनाहि ठाऊक असल्यामुळें त्या नौकेला सूझनच्या डोळ्यांचा आधार होता. उलट, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक जोशुआ स्लोकम याची कथा. तरुणपणीं त्याची पत्नी व्हर्जिनिया त्याच्याबरोबर गलबतांवरच नांदली, आणि १८८४ मध्यें ब्युनोस आयरेस बंदरांत वारली. १८९५ ते १८९८ ची विख्यात प्रदक्षिणा त्यानें एकट्यानेंच केली. उतारवयांत तो हिवाळा आला कीं वेस्ट इंडीजकडे एकटाच जाई. अशाच एका हिवाळ्याच्या तोंडीं तो निघाला, तो परत आला नाहीं. त्याच्या कौशल्यांत उणें कांहीं नव्हतें. उणें होतें तें दुसरें माणूस.

मास्तर आणि त्याची पत्नी त्या वर्षीं जॉर्जटाउनच्या पुढें गेलीं नाहींत. फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने त्यांनीं परस्परांचीं कामें शिकण्यांत घालविले. तो तिच्याकडून गोळ्यांचीं नांवें पाठ करून घेई. ती नाळेवर उभी राहून नांगर टाकी, उचली, पुन्हा टाकी. शेजारच्या नौकांवरचे लोक कौतुकानें पाहत. एप्रिलमध्यें वारा दक्षिणेचा झाल्यावर तीं परत निघालीं, तेव्हां नाळेवर ती होती आणि सुकाणूंवर तो. 'भित्र्यांचें बंदर' मागें पडत असतां तो तें नांव उच्चारून प्रथमच हंसला.

वानप्रस्थाश्रमांत माणसानें हळूहळू एकेक गोष्ट सोडावयाची असते, असें शास्त्र सांगतें. या दोघांनीं घर सोडलें, थंडी सोडली, घड्याळ सोडलें. सर्वांत कठीण होतें तें शेवटचें, म्हणजे एकमेकांपासून कांहीं लपविण्याची संवय सोडणें. ती सुटली, आणि मग परतीच्या वाटेचे पन्नास मैल त्यांनीं पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीनें सुकाणूं धरून, फारसें न बोलतां, सुखानें पार केले.