पातेली आपण मांडतो, तर गळतीचंही आपण बोलू

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छपराच्या गळतीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. पण पावसाळ्यात रात्री उठून पातेली कोण मांडतं? सरपण, अंथरुणं, पोरांची दप्तरं कोण हलवतं? आणि गवंडी आला की त्याच्याशी बोलायला कोण पुढं होतं?

आमचं घर पत्र्याचं. तीन पावसाळे चुलीवर गळत होतं. दरवर्षी, जिथं ठिबकायचं त्याच्या बरोब्बर वर डांबर थापलं जायचं. दुसऱ्या वर्षी त्यासाठी मी बचत गटातून कर्ज काढलं. मृगाचा पाऊस आला की पुन्हा थेंब. मी म्हटलं, "पाऊस सुरू झाला की लगेच गळतं, वर कुठंतरी भोक असेल." नवरा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" गवंडीही हसला.

चौथ्या उन्हाळ्यात मी आणि जाऊबाईंनी शिडी लावली. मी आत बसले. त्या खालच्या कडेपासून लोट्यानं पाणी ओतायला लागल्या. एका जागी ओतायचं, थांबायचं, मगच जरा वर सरकायचं. थेंब पडला तेव्हा त्यांचा लोटा डांबराच्या दोन हात वर होता. तिथं खिळा पत्र्याच्या पन्हळीत मारलेला होता. पाणी वाहतं पन्हळीतूनच. म्हणून खिळा उंचवट्यावर, वॉशर घालून मारायचा असतो. आत शिरलेलं पाणी पत्र्याच्या खालून ओघळत वाशापर्यंत यायचं आणि तिथून चुलीवर पडायचं. दुरुस्ती एका दुपारची निघाली. कर्जाचे हप्ते मात्र मी पुढं सात महिने भरले.

तेव्हापासून मी आधी विचारते, गळतं कधी?

पाऊस येताच गळत असेल, तर भोक किंवा उघडा सांधा शोधा. वाऱ्याच्या पावसातच गळत असेल, तर दोन पत्रे किंवा कौलं एकमेकांवर कमी चढली असतील, किंवा पाणी भिंतीच्या बाजूनं येत असेल. पाऊस थांबल्यावरही तासन् तास ठिबकत असेल आणि वर स्लॅब असेल, तर तिथं पाणी साचतंय. पाणी जायची पाइप तुंबली आहे का, कठड्याच्या कडेला भेग आहे का, बघा. उन्हाळ्यातही ओल असेल, तर पाऊस त्याला जबाबदार नाही; टाकी, नळ किंवा वरची मोरी तपासा. थंडीत पहाटे पत्र्याला थेंब दिसले, तर तो आतल्या वाफेचा घाम. तिथं डांबराचा उपयोग नाही. हवा खेळती ठेवा.

कौलं असतील तर दिवसा आत अंधार करून वर बघा. फुटलेल्या, सरकलेल्या कौलातून उजेड दिसतो.

जपायचं एवढंच. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. दिव्याच्या वायरीजवळ पाणी आलं तर आधी मेन स्विच बंद करा, पण ओल्या हातानं नाही. स्लॅबचं प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसली, तर त्याखाली पोरांना झोपवू नका आणि जाणकाराला दाखवा.

हे सगळं एका वहीत लिहा. तारीख, पाऊस कसा होता, कुठं ठिबकलं, किती वेळ. गवंडी आला की वही त्याच्यापुढं ठेवा.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. आपल्यातल्या एका बहिणीला नवऱ्यानं टाकलंय. दीर छप्पर दुरुस्त करत नाही आणि तिलाही करू देत नाही. गळतीला कंटाळून ती आपोआप जाईल, अशी त्याची वाट बघणं चाललंय. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी. तिनं तारखा घालून लिहिलेली पानं तक्रार करताना तिच्या कामी येतील.

वही आजच घाला. पुढच्या बैठकीला येताना घेऊन या. आणि शिडी कुणाकडं आहे, तेही आत्ताच ठरवून टाकू.